इंग्रजी क्रियापदाचे सोबती

विरार स्टेशनावरून रोज मुंबईस जाणाऱ्या माणसाला ‘अप’ आणि ‘डाउन’ या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाहीं. मुंबईकडे जाणारी गाडी ती अप आणि मुंबईकडून येणारी ती डाउन. १८६७ सालच्या एप्रिलच्या १२ तारखेस विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल गाडी निघाली. तेव्हांपासून वसई-विरारच्या कित्येक पिढ्यांचा दिवस या दोन दिशांत वाटला गेला आहे. वास्तविक विरारपासून चर्चगेटपर्यंतच्या सुमारें ६० किलोमीटरांच्या वाटेंत कोठें घाट चढावा लागत नाहीं. दोन्ही टोकें समुद्राजवळच्या सखल भूमीवरच आहेत. मग मुंबईस जाणें म्हणजे वर जाणें कसें? विलायतेंत लंडनकडे जाणाऱ्या गाडीस अप म्हणण्याचा प्रघात आहे, आणि येथें लंडनची जागा मुंबईनें घेतली. म्हणजे या ‘अप’मध्यें उंची नसून महत्त्व आहे. मराठीनें याच्याही पुढें एक पाऊल टाकून ‘अप-डाउन करणें’ असें क्रियापदच घडविलें, आणि रोज नोकरीसाठीं जा-ये करणें हा त्याचा अर्थ सर्वतोमुखीं झाला.

हेच एवढेसे शब्द इंग्रजी क्रियापदाच्या मागें जाऊन उभे राहिले, म्हणजे मात्र चांगल्या शिकलेल्या माणसाचीही तारांबळ उडते. वसई तालुक्यांतील मराठी शाळेंत शिकून मुंबईच्या एखाद्या कचेरींत नोकरीस लागलेला तरुण डोळ्यांपुढें आणावा. लांबणीवर टाकणें म्हणजे ‘पोस्टपोन’, विझविणें म्हणजे ‘एक्स्टिंग्विश’, सहन करणें म्हणजे ‘टॉलरेट’ हे शब्द त्यानें नीट पाठ केलेले असतात. परंतु पहिल्याच आठवड्यांत वरिष्ठ त्याला सांगतात कीं, आजची सभा ‘पुट ऑफ’ झाली आहे. दुपारीं कोणी सांगतो कीं, खालच्या मजल्यावर लागलेली आग ‘पुट आउट’ झाली. शेजारचा कारकून कुरकुरतो कीं, हा उकाडा ‘पुट अप विथ’ करणें आतां शक्य नाहीं. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, हें त्या तरुणाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण या तिन्ही वाक्यांत कोणीं कोठें कांहीं ठेवलेलें त्याला दिसत नाहीं. पुन्हा विचारण्याची त्याला लाज वाटते. तो गप्प राहतो, आणि आपणांस इंग्रजी येतच नाहीं अशी समजूत करून घेतो. पुष्कळ हुशार मुलांची उमेद अशा समजुतीनें खचते. ही समजूत खोटी आहे. त्याला न कळलेली गोष्ट एकच आहे, ती समजून घेतां येण्याजोगी आहे, आणि तिची किल्ली त्याच्या स्वतःच्या मातृभाषेंतच आहे.

प्रथम ही गोष्ट काय आहे तें पाहावें. इंग्रजींतील एखाद्या साध्या, आखूड क्रियापदास अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर, अवे अशांपैकीं एखादा लहान शब्द येऊन मिळतो, आणि दोहोंचा मिळून एक नवा अर्थ तयार होतो. अशा जोडीस इंग्रजींत ‘फ्रेझल व्हर्ब’ असें नांव आहे. मराठींत तिला जोडक्रियापद म्हणण्यास हरकत नाहीं. हें इंग्रजी नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकांत योजिलें. तें सुचविलें होतें ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅड्ली यांनीं. वस्तु मात्र नांवाहून फार जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ सालीं निघाला, त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं सांगून टाकलें कीं, परक्या माणसास सर्वांत अधिक अडचण या जोड्यांचीच पडते, आणि त्यांपैकीं कांहींचा अर्थ मूळ शब्दांपासून इतका दूर गेलेला आहे कीं कितीही बुद्धि चालविली तरी वाटेचा माग लागत नाहीं. म्हणूनच त्यांनीं आपल्या कोशांत त्या विशेष काळजीनें टिपल्या. कोशकारानें स्वतःच्या भाषेविषयीं दिलेली ही कबुली विद्यार्थ्यास धीर देणारी आहे. दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं.

मग शाळेंतील इंग्रजी आणि कचेरींतील इंग्रजी यांत एवढें अंतर कां पडतें? याचें उत्तर इतिहासांत आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर कित्येक पिढ्या राजदरबारांत आणि न्यायालयांत फ्रेंच भाषा चालली. धर्मगुरु व विद्वान लॅटिनमध्यें लिहीत. शेतांत, बाजारांत आणि चुलीपाशीं मात्र जुनीं आखूड इंग्रजी क्रियापदेंच राहिलीं. पुढें दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि एकाच कृतीस दोन शब्द झाले. शोधून काढणें यास विद्वानांचा ‘डिस्कव्हर’ आणि घरचा ‘फाइंड आउट’. शरण जाणें यास ‘सरेंडर’ आणि ‘गिव्ह इन’. वर चढणें यास ‘असेंड’ आणि ‘गो अप’. मराठींतही असे दोन थर आहेत. सरकारी पत्रकांत सभा ‘स्थगित’ होते, घरीं ती ‘पुढें ढकलली’ जाते. ग्रंथांत मनुष्य व्यसनाचा ‘त्याग करतो’, ओटीवर बसून बोलतांना तो तें ‘सोडून देतो’. शाळेच्या पुस्तकास वरचा थर सोयीचा पडतो, कारण एका शब्दास एक प्रतिशब्द लिहून देतां येतो. बोलणें मात्र खालच्या थरांतून चालतें. ज्या तरुणाला ‘पोस्टपोन’ येतें आणि ‘पुट ऑफ’ येत नाहीं, त्यानें इंग्रजीच्या घरांत माडीवरून प्रवेश केला आहे, आणि माजघर पाहावयाचें राहून गेलें आहे, एवढेंच.

लहानशा सोबत्यानें मोठ्या शब्दाचा अर्थ फिरवावा, हा प्रकार मराठी माणसाला मुळींच नवा नाहीं. ‘हार’ या एका शब्दास निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार आणि उपहार असे शब्द झाले आहेत. जेवण, सहल, घाव, नाश, निवारण आणि भेट यांचें एकमेकांशीं वरवर कांहींच नातें दिसत नाहीं; तरी मराठी वाचक त्यांत घोटाळत नाहीं. येथें सोबती शब्दाच्या पुढें उभा राहतो आणि इंग्रजींत तो मागें उभा राहतो, एवढाच भेद.

घरगुती मराठींत तर याहूनही जवळचें उदाहरण सांपडतें. ‘अंग’ आणि ‘येणें’ हे दोनच शब्द घ्यावे. कुत्रा अंगावर येतो. देवीचें वारें अंगांत येतें. केलेली लबाडी अंगाशीं येते. आणि अभ्यासानें कौशल्य अंगीं येतें. शब्द तेच, मधला एखादा प्रत्यय तेवढा बदलला. पण अर्थ हल्ल्यापासून कौशल्यापर्यंत चार दिशांना गेले. वसईच्या बाजारांत केळीं विकणारी बाई या चार अर्थांत कधीं चूक करीत नाहीं, आणि तिनें ते कोठें पाठ केलेलेही नाहींत. परक्या माणसास मात्र हेच शब्द भूलभुलैयासारखे वाटतात. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. त्या कोशांत अशा वाक्प्रचारांना भरपूर जागा द्यावी लागली आहे. ‘अंग’ म्हणजे शरीर आणि ‘येणें’ म्हणजे जवळ पोहोंचणें एवढ्यावर इंग्रज वाचकाचें भागण्यासारखें नव्हतें. मराठी कारकुनाची आजची अडचण ती हीच, फक्त उलट बाजूनें.

ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे इंग्रजी जोडक्रियापदांचा पसारा तीन गटांत लावतां येतो. पहिल्या गटांत लहान शब्द आपला मूळचा दिशेचा अर्थ राखून असतो. ‘सिट डाउन’ म्हणजे खालीं बसणें, ‘कम इन’ म्हणजे आंत येणें, ‘टेक अवे’ म्हणजे दूर नेणें. येथें कांहींच अवघड नाहीं.

दुसऱ्या गटांत लहान शब्द दिशा दाखवीत नाहीं. क्रिया कशी झाली तें सांगतो. ‘ईट’ म्हणजे खाणें, पण ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें. ‘यूज’ म्हणजे वापरणें, पण ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणें. ‘वेअर आउट’ म्हणजे झिजून जाणें. ‘बर्न डाउन’ म्हणजे जळून खाक होणें. मराठींत हें काम ‘टाकणें’ आणि ‘जाणें’ हीं सहायक क्रियापदें करतात. ‘पत्र लिहून टाकलें’ या वाक्यांत कोणीं पत्र फेकून दिलेलें नसतें, आणि ‘तो रागानें बोलून गेला’ म्हटलें तरी तो जागचा हललेला नसतो. त्याचप्रमाणें ‘ऑन’ हा शब्द क्रिया चालू राहिल्याचें दाखवितो; ‘रीड ऑन’ म्हणजे पुढें वाचत राहणें. ‘थिंक ओव्हर’ म्हणजे विचार करून पाहणें, आणि ‘ट्राय आउट’ म्हणजे वापरून पाहणें. इंग्रजीनें जें लहान शब्दांकडून करवून घेतलें, तें मराठीनें टाकणें, जाणें, राहणें आणि पाहणें यांच्याकडून करवून घेतलें आहे. या गटांतील शेंकडों जोड्या ही एक सांगड लक्षांत ठेवल्यानें सोप्या होतात.

तिसरा गट खरा कठीण. येथें दोन शब्दांचे सुटे अर्थ बेरजेस घेऊन उपयोग नाहीं. ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद किंवा आशा सोडणें. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणें. ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचें मोठें करणें. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणें. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापांच्या वळणावर जाणें. ‘पाठीशीं घालणें’ आणि ‘पाठीस लागणें’ यांचा अर्थ जसा पाठ या अवयवावरून काढतां येत नाहीं, तसेंच हें. या जोड्या एकेक शब्द मानूनच शिकाव्या लागतात. शिवाय एकाच जोडीचे अर्थही अनेक असतात. विमान ‘टेक ऑफ’ करतें, म्हणजे जमीन सोडून उडतें. मनुष्य अंगरखा ‘टेक ऑफ’ करतो, म्हणजे काढतो. आणि सोमवार ‘टेक ऑफ’ करतो, म्हणजे त्या दिवशीं रजा घेतो. यंत्र ‘ब्रेक डाउन’ झालें म्हणजे बंद पडतें, मनुष्य ‘ब्रेक डाउन’ झाला म्हणजे त्याला रडें कोसळतें, आणि वाटाघाटी ‘ब्रेक डाउन’ झाल्या म्हणजे फिसकटतात. कोणता अर्थ घ्यावा हें सभोवतालचें वाक्यच सांगतें.

या अर्थभेदांस व्यवहारांत किती किंमत आहे, हें कामाच्या ठिकाणीं कळतें. सभा ‘पुट ऑफ’ झाली तर ती पुढें केव्हां तरी व्हावयाची असते. ‘कॉल ऑफ’ झाली तर ती रद्दच झालेली असते. वसईच्या पूर्वेकडील एखाद्या कारखान्यांत शेगडीची ज्योत ‘टर्न डाउन’ करावयास सांगितलें तर ती मंद करावयाची असते, आणि ‘टर्न ऑफ’ म्हटलें तर पार बंद. तक्रार ‘लुक इनटू’ करूं असें उत्तर आलें म्हणजे तिची चौकशी होणार. ‘लुक फॉर’ म्हणजे नुसतें हरवलेलें शोधणें. रुग्णालयांत तर एकेका शब्दाला जपावें लागतें. रोगी ‘पास आउट’ झाला म्हणजे त्याची शुद्ध हरपली; ‘पास अवे’ झाला म्हणजे तो निवर्तला; ‘कम राउंड’ झाला म्हणजे शुद्धीवर आला; आणि ‘थ्रो अप’ झालें असें तो म्हणाला तर त्याला वांति झाली आहे. परदेशीं नोकरीस जाणाऱ्या परिचारिकेनें हे चार प्रयोग औषधांच्या नांवांइतकेच पक्के करावयास हवेत.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हिंदुस्थानांत ‘पास आउट होणें’ याचा अर्थ शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणें असा रूढ झाला आहे. विलायतेंत तो प्रयोग लष्करी शाळेंतून शिक्षण संपवून निघणाऱ्या उमेदवारांपुरता चालतो. एरवीं ऐकणारा मूर्च्छा हाच अर्थ घेतो. मुलाखतींत एखाद्यानें आपण अमक्या सालीं पास आउट झालों असें सांगितलें, तर परदेशी परीक्षक क्षणभर बुचकळ्यांत पडतो. तसेंच मराठी ‘उतरणें’ मनांत ठेवून गाडींतून ‘गेट डाउन’ म्हणण्याची संवय पुष्कळांस आहे. विलायती इंग्रजींत आगगाडी किंवा बस यांतून ‘गेट ऑफ’ होतात, आणि मोटारींतून ‘गेट आउट’. ज्या वाहनांत उभें राहून चालतां येतें त्याला बहुधा ऑन-ऑफ, आणि ज्यांत वांकून शिरावें लागतें त्याला इन-आउट, हा ठोकताळा ध्यानांत ठेवावा. अडचणीस तोंड देणें या अर्थीं ‘कोप अप विथ’ म्हणणें हीही अशीच एक चूक आहे. तेथें ‘अप’ उपरा आहे, ‘कोप विथ’ एवढेंच पुरे.

वाक्यांतील जागेविषयींही एक नियम आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. परंतु ‘मीटिंग’च्या जागीं ‘इट’ हें सर्वनाम आलें, तर ‘पुट इट ऑफ’ असेंच म्हटलें पाहिजे. ‘पुट ऑफ इट’ म्हणणें अशुद्ध. उलट ‘लुक आफ्टर’ या जोडींत मध्यें कोणासच शिरूं देत नाहींत. ‘लुक आफ्टर हिम’ हेंच बरोबर. कान येथें साह्य करतो. ज्या जोडींत फूट पडूं शकते तिच्या लहान शब्दावर आवाजाचा जोर पडतो. ‘पुट ऑफ’ मध्यें जोर ‘ऑफ’वर असतो. ‘लुक आफ्टर’ मध्यें तो ‘लुक’वर राहतो. जोडीचें नाम झालें कीं जोर पहिल्या शब्दावर येतो. ‘चेकअप’, ‘मेकअप’, ‘बॅकअप’ हीं नामें मराठींत आतां नित्याचीं झालीं आहेत.

नामें एका भाषेंतून दुसरींत लवकर जातात, क्रियापदें तशीं जात नाहींत, याला वसईची भूमि साक्ष आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षें, वसईवर पोर्तुगीज सत्ता होती. पोर्तुगीजांकडून मराठीनें पाव, साबण, चावी, पगार असे जिन्नस व त्यांचीं नांवें घेतलीं; पण खाणें, धुणें, उघडणें आणि घेणें हीं क्रियापदें तिचीं तिनें राखिलीं. इंग्रजी जोडक्रियापदेंही मराठींत येतांना अशींच गोठून येतात आणि मराठी क्रियापदाचा आधार घेतात. फोन ‘स्विच ऑफ’ होतो, संगणकावर ‘लॉग इन’ करतात. वसई-विरारचा जो मनुष्य आपणांस इंग्रजी येत नाहीं असें म्हणतो, त्याच्या बोलण्यांत अशा दहावीस जोड्या रोज येऊन जातात. त्यानें नवें घर बांधावयाचें नाहीं. असलेल्या पायावर भिंत चढवावयाची आहे.

ती कशी चढवावी? एका क्रियापदाखालीं वीस जोड्यांची यादी लिहून ती घोकणें ही रीति निष्फळ आहे. ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आउट’ एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षां प्रसंगवार वही करावी. स्टेशन या मथळ्याखालीं गाडींत चढणें ‘गेट ऑन’, उतरणें ‘गेट ऑफ’, धरून उभें राहणें ‘होल्ड ऑन’, घाई करणें ‘हरी अप’. बँकेखालीं अर्ज भरणें ‘फिल इन’, पैसे काढणें ‘टेक आउट’, कर्ज फेडणें ‘पे बॅक’. अशींच पानें कचेरी, दवाखाना आणि स्वयंपाकघर यांचीं. प्रत्येक जोडीपुढें सुटा अर्थ न लिहितां पूर्ण इंग्रजी वाक्य लिहावें, त्याखालीं तोच प्रसंग मराठी माणूस कसा बोलेल तें पूर्ण वाक्य लिहावें, आणि दोन्ही मोठ्यानें वाचावीं. दिवसास तीन जोड्या पुष्कळ झाल्या. करारपत्र, अर्ज किंवा शास्त्रीय लेख लिहितांना मात्र ‘पोस्टपोन’सारखे भारदस्त शब्दच अधिक शोभतात, शाळेंतील शिक्षण तेथें वायां जात नाहीं.

परकी भाषा अशा रीतीनें मुळापर्यंत आत्मसात् करतां येते, याचें उदाहरण याच कोंकणपट्टींत घडलेलें आहे. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. आणि त्यांनीं मराठी ओवींत रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. तेव्हां मोल्सवर्थांचा कोश निघावयास दोनशें वर्षांहून अधिक काळ होता. लोकांत राहून, ऐकून आणि विचारून ही भाषा त्यांनीं आपलीशी केली.

विचारणें हेंच यांतलें मुख्य साधन आहे. ‘पुट ऑफ’ झाली असें वरिष्ठांनीं सांगितलें आणि शंका आली, तर सभेची नवी तारीख कोणती एवढें विचारलें म्हणजे पुरे. सभा पुढें ढकलली कीं रद्द झाली, हें त्या एका प्रश्नानें कळतें, आणि विचारणाऱ्याचें अज्ञान न दिसतां काळजी दिसते. मग तो शब्द संध्याकाळच्या डाउन गाडींत वहीत उतरवून घ्यावा. विरार येईपर्यंत तेवढा वेळ सहज मिळतो.